सतरा गोष्टी

"रेशमी कापडातलं गाठोडं कुठंय गं, पुत्तर?" अजमेर सिंगांनी पेटीत डोकं घातलं होतं. "तुझी सासू गेली, पण माझे कागद लपवायची खोड काही घेऊन गेली नाही."

जसलीन हसली. मांडीवर पोर दूध पीत होतं. "कागद कसले, बापूजी? पोथी होती ना ती? बीजींनी जपलेल्या जुन्या पोथ्यांशेजारी होती."

अजमेर सिंगांनी डोकं बाहेर काढलं. "होती?"

"परवा गुरुद्वाऱ्याची गाडी आली होती, जीर्ण पोथ्या अग्नीला न्यायला. तुम्ही बटाल्याला गेला होतात. मी सगळं दिलं."

"उघडून नाही पाहिलंस?"

"हात लावला तर पानं तुटतील असं वाटलं."

त्यांनी गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथीजींना फोन लावला. थोडंसंच बोलले. फोन ठेवून खाटेवर बसले.

"काल संध्याकाळीच दिला अग्नी."

सतरा गोष्टी होत्या. तीस वर्षांच्या. शाळेतल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर लिहिलेल्या. दुसरी प्रत नव्हती. उद्या जालंधरहून प्रकाशक येणार होता. हो म्हणालेला पहिलाच.

अजमेर सिंगांच्या बायकोला, बचिंत कौरला, वाचता येत नव्हतं. तिनेच ते कागद पोथीसारखे बांधून ठेवले होते. "अगं, माझ्या गोष्टी आहेत या, गुरूंची बाणी नव्हे," ते तिला चिडवायचे. "अक्षरं तर पोथीतलीच ना?" म्हणत ती गाठ आणखी घट्ट करायची.

जसलीनला आता सगळं कळलं. पोराच्या तोंडातून दुधाची बाटली सुटली, ते रडू लागलं. तिला ते ऐकूच आलं नाही.

"बापूजी, मी... माझ्या हातून..."

अजमेर सिंगांनी पोराला उचललं, खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. बराच वेळ थोपटत राहिले.

"गाडीपर्यंत कसं नेलंस?"

"डोक्यावर. आंघोळ करून."

"पायांत काय होतं?"

"काही नाही. पोथी घेऊन चप्पल कशी घालणार?" तिला हुंदका फुटला. "खडी तापली होती, पण..."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको, पोरी. पोस्टाने किती गावांहून नकार घेऊन परत आल्या त्या. अनवाणी चालत डोक्यावर कुणीच नेलं नव्हतं त्यांना."