पहिली भिक्षा

मठाच्या उंबऱ्यावर भगव्या कफनीतला भिवा झोळी पसरून उभा राहिला, तशी भाकरी धरलेला गिरजाचा हात आखडला. पोराचं सिनेमातलं हे पहिलंच काम, आणि खरी आई हवी म्हणून दिग्दर्शकानं तिलाच समोर उभं केलेलं.

"माई, भिक्षा वाढ," भिवा पुन्हा म्हणाला.

या मठाची रीतच तशी. दीक्षा घेणाऱ्याच्या झोळीत आईची भाकरी पडली, की मायलेकाचं नातं तुटलं. तिच्या सासूनं इथंच थोरल्या दिराला भाकरी वाढली होती. पुढं तो दारावरून जायचा, पण 'आई' म्हणून हाक आली नाही.

"मावशी, ऊन उतरतंय! टाका की!" दिग्दर्शक ओरडला. "खोटंखोटंच आहे सगळं."

"सिनेमा खोटा, बाबा. मठ तर खरा हाय न्हवं?"

"आता नाही टाकलीत, तर भिवाच्या जागी दुसरा उभा करतो."

पोराच्या कामापायी गिरजाचा हात झोळीवर आला. भिवानं झोळी पाठीमागं सारली, वाकून तिच्या हातातल्याच भाकरीचा घास तोडला.

"आई," तो भरल्या तोंडानं म्हणाला, "भाकर करपलीय गं."