ताईचा हशा

पडद्यावरचा विनोदवीर एक पाय ओढत रंगमंचभर फिरला. "मला वाटलं, बाई नाचताहेत," तो म्हणाला, "मागाहून कळलं, बस पकडायला निघाल्यात!" खोलीत मेकअपवाली हसून हसून खुर्चीत दुमडली. कॅमेरावाल्याला चहाचा ठसका लागला.

ताईने बटण दाबून चित्र थांबवलं. कार्यक्रमांना आवाज जोडण्याचं काम तिचं. लहानपणीच्या आजारात तिचा डावा पाय अधू झाला होता, आणि बस पकडायला ती रोजच निघत असे.

"हे कापायचं," ती म्हणाली आणि हात वर केला.

वाहिनीच्या साहेबांची तशी पद्धतच होती. संध्याकाळचा विनोदी कार्यक्रम दुपारी या चौघांनी आधी बघायचा आणि दोघांचे हात वर झाले, तर तो तुकडा गाळायचा. साहेबांना स्वतःला कशानेच हसू येत नसे, म्हणून हा खटाटोप. ताईला आणखी एकच हात हवा होता.

"अगं, विनोद आहे. विनोदासारखा घे ना," मेकअपवाली म्हणाली. "तुझ्यावर थोडाच आहे? तू आमचीच आहेस."

"मग कोणावर आहे?"

मेकअपवाली पर्स उघडून उगाच काहीतरी शोधायला लागली. ताईला एकदम फार एकटं वाटलं. इतकी वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं ही, आणि आज एकाचाही हात वर होईना.

कोपऱ्यातल्या स्टुलावर मौनी बसला होता. दिव्यांचं काम बघायचा. कोणी काही विचारलं तर मान हलवायची, फार तर हुंकार द्यायचा, म्हणून सगळे त्याला मौनी म्हणत. ताईने त्याच्याकडे आशेने पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"ताई, उगाच साधूपणाचा आव आणू नकोस," कॅमेरावाला म्हणाला. तो चिडला होता, कारण आपण हसलो याची त्यालाही आता लाज वाटायला लागली होती. त्याने चित्र मागे नेलं आणि आवाज वाढवला. "प्रेक्षकांत सगळ्यात मोठ्याने कोण हसतंय, ऐक."

ताईने ऐकलं. पहिल्यांदा एक उकळी, मग वर वर चढत जाणारा, दम संपेपर्यंत खिदळणारा हशा. तो तिचाच होता. प्रेक्षक थंड बसले की साठवणीतला हशा खाली जोडायचा, हे त्यांचं रोजचं काम. आणि साठवणीत ताईच्या हशाचा हात धरणारा दुसरा हशा नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाला ती नुसती प्रेक्षक म्हणून बसली होती, तेव्हा तो ध्वनिमुद्रणात सापडला. तेव्हापासून कित्येक पडलेले विनोद त्याने उभे केले होते. ताईला त्याचा अभिमान होता. सकाळच्या पाळीतल्या कुणीतरी तो आज इथे जोडून दिला होता.

"म्हणजे पहिली तूच हसलीस," कॅमेरावाला म्हणाला.

"मी यावर नव्हते हसले!" ताईचा आवाज चढला. "त्या दिवशीचा विनोद वेगळा होता. साधा, निखळ. कोणाच्या वर्मावर बोट ठेवणारा नव्हता."

"कोणता विनोद?" मेकअपवालीने सहज विचारलं.

"अगं, तो नाही का," ताई म्हणाली, आणि आठवणीनेच तिच्या ओठांवर हसू आलं. "एका तोतऱ्याच्या घराला आग लागते. तो बंब बोलवायला फोन करतो, आणि 'आग' म्हणता म्हणताच सगळं घर जळून..."

ती थांबली. खोलीत कोणीच हसलं नाही.

मौनीने बुटांवरची नजर वर उचलली होती. त्याने हळूच हात वर केला. दोन हात झाले होते. तुकडा गाळला जाणार होता.

"त्या दिवशी तु... तुझ्या शेजारी मीच बसलो होतो," मौनी म्हणाला. "ते... तेव्हा मी ब... बोलायचो."