बाईंची तपासणी

"तो डबा उघड," बाई म्हणाल्या.

सुताराने उघडला. आत खिळे.

"खालचा?"

खालच्यात सरस.

"मग वास कसला येतोय?"

"लाकडाचा, बाई. लेकीसाठी पलंग केलाय. पॉलिश मुद्दाम नाही केलं. त्यात स्पिरिट असतं, उगाच तुमच्या मनात शंका नको."

"हुशार आहेस. दारुडे हुशारच असतात."

सुताराने डबे बंद केले. बाई समाजसेविका. त्याची लेक मावशीकडे ठेवली ती त्यांनीच. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यापासून त्याने थेंबाला हात लावला नव्हता, पण दर भेटीत बाईंचं पालुपद एकच: एवढ्यात नको. आज शेवटची तपासणी. आज हो, नाहीतर कधीच नाही.

दार उघडंच राहिलं असावं. मघाशी रंधा मारून मान वर केली, तर बाई मोरीपाशी उभ्या.

"बसा ना, बाई."

"बसायला आले नाही मी. उशी उचल."

त्याने उचलली. एरवी बाई स्वतः उचकपाचक करायच्या. आज बोटसुद्धा लावत नव्हत्या. एवढी किळस?

"काही नाही, बघा."

"आज नाही. जित्याची खोड, बाबा, मेल्याशिवाय जात नाही."

"बाई, माझ्या डोळ्यांत बघून सांगा. मी प्यालोय?"

बाईंनी बघितलं.

बेल वाजली.

दारात एक तरुण ताई. हसऱ्या. "मी बाईंच्या जागी आलेय. तुमचं सगळं चांगलंच ऐकलंय. लेक खाली उभी आहे मावशीबरोबर, कधीची उड्या मारतेय."

सुताराला हुंदका आवरेना. "पण... बाईंच्या जागी म्हणजे?"

"कळवलं नाही का कुणी? गेल्या आठवड्यात त्या गेल्या. झोपेतच."

सुताराने मोरीकडे पाहिलं. बाई तिथेच होत्या. ताईंनी खोलीभर नजर फिरवली. मोरीवरून, पलंगावरून. ती कुठेच अडली नाही. मग त्यांचं हसू जरासं मावळलं.

"दादा, मी मघापासून बाहेर ऐकत होते. एकटेच आहात, मग बोलत कुणाशी होतात?"

बाई त्याच्या कानाशी वाकल्या.

"सांग ना तिला. खोटं बोलणाऱ्याच्या हाती मी पोर देत नाही."