करंगळी

“बरं वाटलं तर बोटांचा गोल, वर यायचं तर अंगठा. खाली बोलूक मिळाचा नाय हां, काकी!” मालवणच्या बोटीत स्कूबा डायव्हिंगचा प्रशिक्षक बजावत होता.

“आम्ही वर तरी कुठे बोलतो?” ताई फणकारली. नलूच्या लेकाच्या लग्नात मानाची साडी हलकी मिळाली, तेव्हापासून थोरल्या बहिणीने अबोला धरला होता.

पाण्यात उतरताच नलूच्या चष्म्यात पाणी शिरलं. गोल की अंगठा, काही आठवेना. घाबरून तिने, शाळेत बाहेर जायला बाईंना दाखवायची ती करंगळीच वर केली.

समोर ताईचे डोळे काचेआड विस्फारले. कट्टी? इथे, समुद्राच्या तळाशी? मग हळूच तिने दोन बोटं जोडून पुढे केली. बट्टी! नलूने ती इतकी घट्ट धरली, की प्रशिक्षकाला दोघींना एकत्रच वर आणावं लागलं.

“जीव मुठीत असताना कट्टी कसली घेतेस गं, वेडाबाई?” बोटीत ताई ओरडली.

“चुकलं गं ताई,” म्हणत नलू तिला बिलगली. करंगळीचं खरं कारण तिने आजवर सांगितलेलं नाही.