सोबतची व्यक्ती

"रात्री दोनदा उठतात. डावा गुडघा धरतो. साखरेची गोळी जेवणाआधी, प्रेशरची नंतर, आणि ती पिवळी घेतली की यांच्या अंगावर पित्त उठतं."

मावशी एका दमात बोलत होती. पेशंटच्या स्टुलावर काका बसले होते. आपल्याबद्दल नाही, शेजाऱ्यांबद्दलच चाललंय असा चेहरा करून.

टेबलावरचं चार महिन्यांपूर्वी आलेलं यंत्र ऐकत होतं. साबणाच्या वडीएवढा माईक आणि भिंतीवर स्क्रीन. खोलीतल्या बोलण्यातून कामाचं तेवढं वेचून ते काकांच्या फाइलीत लिहीत होतं. डॉक्टरबाई भलत्याच खूश होत्या. "आधी माझं अक्षर मलाच लागायचं नाही. आता बघा, कशी लख्ख फाइल!"

मग त्यांनी काकांना विचारलं, "जिना चढताना दम लागतो?"

"छे, यांना कुठला? मला लागतो," मावशी म्हणाली. "छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, हात भरून येतो. ते सोडा हो. यांच्या पायाची सूज बघा आधी."

दोघांबरोबर आलेल्या भाचीची मघापासून खुर्चीत चुळबुळ चालली होती. एक पाय सारखा हलत होता. तिचं लक्ष स्क्रीनवर गेलं. सगळ्यात खाली फिकट अक्षरं उमटली : सोबतची व्यक्ती. छातीत दाब, हात जड. रुग्णाशी संबंध नाही. वगळलं.

आणि गेलीच. त्यांच्या जागी काकांची सूज आली.

ती ताडकन उठली. "डॉक्टर, त्याने मावशीचं पुसलं! परत आणा ते!"

"गप बस गं," मावशी म्हणाली. "बाहेर पंधरा माणसं ताटकळलीत."

"नाही बसणार!"

आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला स्वतःलाच नवीन होतं. माईकवरचा दिवासुद्धा क्षणभर लाल झाला.

डॉक्टरबाईंनी एक बटण दाबलं. वगळलेल्या ओळी एकाखाली एक उमटल्या. आजची. गेल्या महिन्यातली. त्याच्या आधीची. दम. छातीत दाब. पाठीत कळ, घाम, दोन मिनिटं बसावं लागलं. प्रत्येक ओळीपुढे तेच : रुग्णाशी संबंध नाही.

डॉक्टरबाईंचं हसू उतरलं. "हात भरून येतो म्हणालात. कोणता?"

मावशीने डावा हात पाठीमागे नेला.

"सिस्टर, ईसीजी. लगेच."

"आत्ता? अहो, यांची जेवायची वेळ..." सिस्टरने मावशीला दंडाला धरून कोपऱ्यातल्या पलंगाकडे नेलंसुद्धा. पडदा सर्रकन ओढला गेला.

स्क्रीनवर कोरी फाइल उघडली. डॉक्टरबाई काकांकडे वळल्या. "कुठलं औषध सोसत नाही त्यांना?"

काकांनी भाचीकडे पाहिलं. भाचीने जमिनीकडे. यंत्राने थोडी वाट पाहिली आणि लिहिलं : सोबतची व्यक्ती. माहिती नाही.

"रोजची काही गोळी?"

माहिती नाही.

"वय तरी?"

"पंचावन्न," काका ठासून म्हणाले.

"अठ्ठावन्न!" पडद्याआडून आवाज आला. "आणि बोलू नका मध्ये, वायरी लावतायत."

भाचीला हसू आलं आणि तिथेच अडकलं. आत सिस्टर हळू आवाजात काहीतरी विचारत होती. मावशी त्याहून हळू उत्तर देत होती. बाहेर एक शब्द कळत नव्हता. भाची दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

यंत्राला मात्र ऐकू येत होतं. आता मावशी रुग्ण होती, त्यामुळे त्याने काहीच वगळलं नाही.

रुग्ण : दोन वर्षं झाली. पण यांना सांगू नका.

काकांनी चष्मा लावून ओळ वाचली. मग चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा वाचली.