चौथा टायर

“अहो, टायरचे एवढे लाड करताय, त्याच्या निम्मे डोळ्यांचे केले असतेत तर आत्तापर्यंत ऑपरेशन होऊन गेलं असतं!” माई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडल्या.

अप्पांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बुटक्या स्टुलावर बसून ते स्पंजावर पॉलिश घेत होते आणि टायरच्या कडेवरून गोल गोल फिरवत होते. बाजूला बादली, चिंध्या आणि खाचाखोचांसाठी जुना टूथब्रश. बंपरचं विटकं प्लास्टिक आधीच काळंभोर करून झालं होतं. सगळं कसं साग्रसंगीत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, माई पुटपुटल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, दोन्ही मोतीबिंदू पिकलेत, ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवायची नाही. अप्पांनी तिथे मान डोलावली आणि घरी येऊन नातीला शब्द दिला, पोहण्याच्या स्पर्धेला तुला मीच नेणार. स्पर्धा उद्या सकाळी होती. माईंनी रागावून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी चावी तांदळाच्या डब्यात लपवली. ती आत्ता अप्पांच्या खिशात खुळखुळत होती. या माणसाला समोरून येणारा जावई ओळखू येत नाही, पण तांदळातली चावी बरोबर सापडते!

“पोरीचा जीव आहे हो तो,” माई म्हणाल्या. “तुमच्या हौसेसाठी नाही दिलेला.”

“मला सगळं दिसतं. जरा धुरकट, एवढंच.”

“आणि हे तेलकट टायर घेऊन रस्त्यावर घसरायचं?”

“जमिनीला टेकतो तिथे लावतच नाही मी. फक्त कडेला. अर्धा तास वाळू दिलं की झालं. ओलं असताना हलवली, तर पत्र्यावर शिंतोडे उडतात.” अप्पा स्टूल उचलून पलीकडच्या बाजूला गेले. तिकडे शेजारच्या नर्सची गाडी अगदी खेटून उभी होती. ती राखाडी, ही राखाडी. मधल्या फटीत अप्पांचं फक्त टक्कल दिसत होतं.

माईंनी भांडी आपटत विसळली. गाढवाशी बोलावं पण या माणसाशी नको.

“झाले चारही!” थोड्या वेळाने हाक आली. “ये, बघून जा!”

माई पदराला हात पुसत बाहेर आल्या. कौतुक करायचं नाही, असं ठरवूनच आल्या. या बाजूचे दोन्ही टायर चकचकीत. मागून वळसा घालून त्या फटीशी पोचल्या. मागचा टायर चकचकीत. पुढचा मात्र भुरकट, कोरडा ठणठणीत. आणि त्याच्या समोरचा, नर्सच्या गाडीचा टायर काळा कुळकुळीत चमकत होता. तिच्या दाराखालची प्लास्टिकची पट्टीसुद्धा.

महिनाभर भांडून जे पटवता आलं नव्हतं, ते डोळ्यांसमोर उभं होतं. एक शब्द बोलल्या असत्या तरी जिंकल्या असत्या. पण असं नव्हतं हो जिंकायचं. त्यांना अप्पांचाच राग आला, इतका आंधळेपणा इतके दिवस लपवलात म्हणून.

“कसे झालेत?” पुढून अप्पांनी विचारलं.

माई काही बोलायच्या आत फाटक वाजलं. नर्स ड्यूटीवरून चालत आली होती. गाड्यांकडे बघून ती खळखळून हसली. “अय्या अप्पा, माझाही केलात? पण एकच? बाकीच्या तिघांनी काय घोडं मारलंय तुमचं?”

अप्पा गाडीला धरत धरत फटीत आले, वाकले आणि आपल्या टायरवरून बोट फिरवलं. बोट नाकाजवळ नेऊन पाहिलं. कोरडं. मग मागे वळून नर्सच्या टायरला लावलं. ते काळं झालं.

“नमुना आहे,” ते म्हणाले. “आवडला तर बाकीचे करून देईन.”

“आवडला की!” म्हणत नर्स हसत आत गेली.

अप्पांनी बोट चिंधीला पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. माईंनी खाली पडलेला स्पंज उचलला, स्टूल वळवलं आणि राहिलेल्या टायरसमोर बसल्या. “कडेलाच ना? गोल गोल?”

“हो. पातळ लाव.”

त्यांचं होईपर्यंत अप्पा गाडीला टेकून उभे होते. मग त्यांनी खिशातून चावी काढली आणि माईंच्या मांडीवर ठेवली.

“उद्या टॅक्सी सांग,” ते म्हणाले. “टायर काही सकाळपर्यंत वाळत नाहीत.”