एक वाजून दहाचा भूकंप

एक वाजून दहा मिनिटांनी सोळाच्या सोळा मशिनं एकदम शिंकली.

म्हणजे खाली, मोजे विणणाऱ्या कारखान्यात, तसं काहीच झालं नाही. झालं ते वरच्या काचेच्या खोलीत, भिंतीवरच्या पडद्यावर. सोळा मशिनं, सोळा चौकोन आणि प्रत्येक चौकोनात मोटारीची थरथर दाखवणारी एक रेघ; मोटार जास्त तापली की तो चौकोन लाल व्हायचा. सोळाही रेघा एकाच क्षणी टुणकन उडाल्या आणि पुन्हा गुमान पडून राहिल्या.

"पाहिलंत का साहेब?" पडद्यावरचा हा डॅशबोर्ड बसवायला आलेल्या इंजिनीअर बाईनं विचारलं.

मॅनेजरसाहेब पडद्याकडे कौतुकानं बघत होते. "आठ दिवस झाले, एकही चौकोन लाल नाही! तुमच्या बोर्डानं सगळे कसे सुतासारखे सरळ आले."

"अहो, पण सोळा मोटारी एकदम कशा हलतील?"

"भूकंप असेल एखादा बारीकसा."

तिनं मागचे दिवस उघडून पाहिले. काल एक वाजून दहाला भूकंप. परवाही एक वाजून दहाला भूकंप. जेवणाच्या सुट्टीला हजर राहणारा भूकंप तिनं बापजन्मात ऐकला नव्हता. ती जिना उतरून खाली गेली.

मशिनं आपापली चालू होती. माणसं कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाशी डबे उघडून बसली होती. त्या कपाटाचं दार लाथ घातल्याशिवाय लागत नसे. मागाहून आलेल्या एकानं आपला डबा काढला आणि घातली लाथ. धाड! बाई जागीच थांबली. मग सरळ कपाटामागे गेली.

तिथं गार पत्र्याला, आपापल्या लोहचुंबकानं चिकटून, काडेपेटीएवढे सोळा सेन्सर आराम करत होते. चार-चारच्या ओळीत, एक ते सोळा, नंबरवार. मोटारींवर तिनं स्वतः लावले तेव्हाही ते इतके टापटीप दिसले नव्हते.

हातातले घास हातातच राहिले. सगळे बाईकडे बघू लागले.

"मी काढले," नऊ नंबरवरची मावशी पुढे आली. कारखान्यातली सगळ्यात जुनी तीच. "ह्यांना कुणाला बोलू नका."

"पण का काढलेत मावशी?"

"का म्हणजे? चौकोन लाल झाला की साहेब माईकवर नाव घेतात. पंचवीस वर्षांत कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं हो. पहिल्याच दिवशी तीनदा! तापते मोटार आणि नाव माझं!"

बाईचा चेहरा खर्रकन उतरला. प्रत्येक चौकोनाखाली त्या मशीनवरच्या माणसाचं नाव घालायची हौस तिचीच होती. तेव्हा तिला ते फार छान दिसलं होतं. आता लाज वाटली.

ती नऊ नंबरकडे गेली. मोटारीवर एक ओलं फडकं पसरलेलं होतं. ते उचलून तिनं हात टेकवला आणि चटका बसताच झटकला. मोटारीखाली सुताचा बारीक कचरा साचला होता. एक ठिणगी पडायचा अवकाश, सगळा कारखाना पेटला असता.

"मावशी, विजेच्या मोटारीवर ओलं फडकं? जिवावर उदार झालात का?"

"मग काय करू? सांगायला जावं तर नाव लागतं." मावशीनं फडक्याकडे बोट दाखवलं. "तासातासाला भिजवून टाकते. घरी गेले तरी डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी फाटकापाशी येईपर्यंत धाकधूक, कारखाना जागेवर असेल ना म्हणून."

बाईनं नऊ नंबर बंद केलं. फडकं घेऊन ती वर आली आणि साहेबांच्या टेबलावर ते ठेवलं. त्यातून अजून वाफ येत होती.

"हे नऊ नंबरच्या चालू मोटारीवर होतं, साहेब. आठ दिवस. आणि सेन्सर सगळे डब्यांच्या कपाटामागे."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई खुर्चीत बसली आणि चौकोनांखालची नावं एकेक करून पुसू लागली.

"अहो, अहो! नावं काढलीत तर ओरडायचं कुणाला?"

"ओरडायचं कशाला? फिटरला पाठवायचं. मोटारीचा ताप माणसांच्या नावावर मांडला, ही चूक माझी."

खाली मावशी सेन्सर ओंजळीत घेऊन ज्याच्या त्याच्या मोटारीवर लावत फिरत होती. पडद्यावर चौकोन उजळत गेले. पहिले सहा हिरवे. सात लाल. नऊ लाल. तेरा लाल.

साहेबांचा हात सवयीनं माईककडे गेला. काचेखाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. मावशीनं मात्र मान खाली घातली.

माईक खरखरला. साहेबांनी दोनदा घसा साफ केला. "नऊ नंबरच्या... नऊ नंबरच्या मोटारीला ताप आलाय. सातला आणि तेरालाही. सात, तेरा बंद करा, फिटर येतोय. आणि मावशी..." ते अडखळले. टेबलावरच्या फडक्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. "तुम्ही आधी जेवून घ्या बघू."

मावशी तशीच उभी राहिली आणि मनगटानं डोळे पुसू लागली. तेवढ्यात चार नंबरवरचा माणूस, जो एरवी साहेब दिसले की मशीनच्या आड सरकायचा, तो मधल्या मोकळ्या जागेत आला आणि तोंडाशी दोन्ही हात धरून वर ओरडला,

"साहेब, आमचं चार नंबर हिरवं दिसतंय का तुम्हाला? त्याच्यावर जाऊ नका! सकाळपासून कुरकुरतंय. लाल करा हो त्याला, लाल!"